तीन टायर, अकरा रिक्षा

आधीच सांगते, मी मूर्ख आहे. रत्नागिरीत रिक्षा स्टँडला लागून माझं झेरॉक्सचं दुकान. रिक्षावाल्यांचे फॉर्म मीच भरते, आणि आरटीओच्या पासिंगला फसवायचा मालही बरीच वर्षं माझ्याच दुकानात असायचा. मला ती समाजसेवा वाटायची. अशा दुकानात किस्से गोळा करावे लागत नाहीत, धूळ बसते तसे बसतात.

*

माल म्हणजे तीन कोरे टायर. अकरा रिक्षांत मिळून तेवढेच. ज्याचं पासिंग, त्याने सकाळी चढवायचे, संध्याकाळी आणून द्यायचे, की आपले गुळगुळीत परत चाकांवर.

एकदा तपासणीवाले साहेब वाकले, टायरवरून हात फिरवला आणि ड्रायव्हरला म्हणाले, "हे नेहमी येतात. तुम्ही पहिल्यांदाच दिसताय."

*

पासिंगला दत्ताभाऊंच्या रिक्षाचा हॉर्न वाजेना.

"साहेब, पालीपर्यंत सगळे ओळखीचे. कोणी आडवा आला तर नावाने हाक मारतो."

"आणि म्हैस आली तर?"

दत्ताभाऊंनी खरंच विचार केला. "कोणाची आहे त्यावर."

*

सगळ्यांच्याच गाड्या दरवर्षी तपासाव्यात, असं आमच्या ह्यांचं मत. मी विरोधात. "गाडी आपली, जीव आपला. सरकारला काय करायचंय?"

"तुझ्या स्कूटीचा आरसा कुठाय?"

"पर्समध्ये."

ह्यांनी पेपर उघडला.

*

अनंतकाका स्टँडवरचे सगळ्यात जुने. घरी एकटेच. माझी चिनू आणि आणखी चार मुली त्यांच्याच रिक्षाने शाळेत जातात. कोणाची वेणी सुटली तर काका बांधूनही देतात.

एका सोमवारी चिनू घाईघाईने खात म्हणाली, "आई, लवकर दे. आज दगडाची पाळी माझी."

"कसला दगड?"

"उतारावर थांबलो की चाकाखाली लावायचा. काकांचा ब्रेक धरत नाही ना."

तव्यावरचं घावन करपलं.

त्याच आठवड्यात काकांचं पासिंग. ते टायर न्यायला आले. मी म्हटलं, "आधी ब्रेक, मग टायर."

काका रिकाम्या हाताने वळले. आठ दिवस माझ्या दुकानाकडे पाठ करून चहा प्यायले. पासिंग चुकलं म्हणून शाळेची फेरी बंद, आणि त्या पाच पोरींशिवाय त्यांची सकाळ कशी सुरू होणार, हे मला काय कळत नव्हतं? चिनू माझ्या स्कूटीवर मागे बसायची, तीही गप्प. दोघांचा अबोला एकदम.

नवव्या दिवशी काका आले. ब्रेक नवा, टायर स्वतःचे, नवी तारीख घेऊन गाडी पास. कागद झेरॉक्सला पुढे केला.

मला राहवेना. "काका, ब्रेक धरत नाही हे मला का नाही सांगितलंत? माझी पोर बसते तुमच्या गाडीत."

काकांनी चष्मा पुसला.

"शाळेला द्यायचा रिक्षाचा फॉर्म दरवर्षी तूच भरतेस गो. त्यात 'ब्रेक उत्तम' तूच लिहितेस. मला वाटलं, शिकलेली बाई, बघून लिहीत असेल."