गुरुवारी तीन ते चार

"आठवड्यातून एक तास तरी मला कुणी काही विचारू नये," ती एकदा नवऱ्याला म्हणाली होती.

ती ऑपरेशन थिएटरची इनचार्ज सिस्टर. पोट शिवायच्या आधी आत गेलेला प्रत्येक गॉज, चिमटा, सुई तीच मोजायची. ती "पूर्ण" म्हणेपर्यंत टाका घालायची सर्जनचीही छाती नव्हती. दिवसभर सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळलेल्या. घरी चप्पल काढायच्या आत सासरे चष्मा विचारत, लेक वही, नवरा बिलाची तारीख. सगळे चांगले होते, हीच पंचाईत होती. चांगल्या माणसांवर धड चिडताही येत नाही.

आपल्याला कुणी हुकूम द्यावा, हात बांधावेत, आपण फक्त ऐकावं, ही इच्छा तिने सोळा वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याजवळ उघड केली. त्याने बिचाऱ्याने करून पाहिलं. "खाली बस," असं आवाज चढवून म्हणाला आणि पुढच्याच श्वासात, "गुडघा दुखत नाही ना? उशी देऊ?"

दोघं पोट धरून हसली. हसू ओसरल्यावर तो म्हणाला,

"मला नाही जमायचं गं. तू दुसरं कुणी बघ. फक्त पोचलीस की कळव, निघालीस की कळव."

एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत अशीच ओढ असलेल्या सात-आठ जणांची बैठक भरे. तिथे नाव विचारायची पद्धत नव्हती. तिथेच तिला बाइंडर भेटला. साठीचा, बायको गेलेली, पुस्तकबांधणीचं दुकान. पहिले तीन महिने त्याने दोरीला हात लावला नाही. काय चालेल, काय नाही, ते विचारून लिहून घेतलं. सगळं जागच्या जागी थांबवणारा एक शब्द तिला निवडायला लावला. तिने 'शाई' निवडला. मग त्याने तिच्यासाठी एक वही बांधली आणि दर आठवड्याला तीत एक हुकूम लिहू लागला.

जेवण बसून. दुसऱ्याची ड्युटी घेण्याआधी एक दिवस थांब. लेकीशेजारी रोज अर्धा तास रिकाम्या हातांनी बस.

लेक घाबरली. "आई, कसला रिपोर्ट आलाय का?"

"नाही गं. बसलेय नुसती."

"तू नुसती बसलीस की कसंतरीच वाटतं."

चौथ्या दिवशी मात्र लेक तिच्या खांद्याला टेकली.

गुरुवारी सकाळची पाळी संपवून ती दुकानामागच्या खोलीत येई. खळीचा वास, दाबयंत्राखाली पुस्तकांची चळत. ती घडी घातलेल्या कॅनव्हासवर गुडघे टेकी, तो तिची मनगटं सुती दोरीने मागे बांधी आणि आपल्या कामाला लागे. सुई कागदातून जायची, दोरा ओढला जायचा. तासाभरात तिला काहीच ठरवावं लागत नसे. चारला तो दोरी सोडी, वहीत लाल पेन्सिलीने खूण करी आणि म्हणे, "जा." त्याने म्हटल्याशिवाय उठायचं नाही, हा नियम.

"गुरुवारी कसला क्लास हो, सिस्टर?" थिएटरातल्या पोरी विचारत.

"बाइंडिंगचा," ती म्हणे. पोरी हसत, तीही हसे. आपलं सुख सांगावं असं एकही माणूस त्या इमारतीत नव्हतं.

दोन महिन्यांपूर्वी तिने त्याचा उजवा हात पाहिला. मांडीवर स्वस्थ ठेवलेला असताना अंगठा तर्जनीवर फिरत होता, गोळी वळावी तसा. ते कंपवाताचं लक्षण असू शकतं, हे तिला कळत होतं. त्या तासात विचारल्याशिवाय बोलायचं नाही, असं तिने स्वतःला बजावलं. पण तासाबाहेरही ती बोलली नाही. बोललं की हा तास जाईल, एवढंच तिला दिसत होतं. मोजणीत एक जिन्नस कमी आहे हे कळूनही ती आठ गुरुवार गप्प राहिली.

या गुरुवारी गाठ तीनदा सुटली. चौथ्यांदा त्याने प्रयत्नच केला नाही. पुढ्यात स्टूल ओढून बसला.

"सिस्टर," तो म्हणाला. या खोलीत त्याने तिला कधी सिस्टर म्हटलं नव्हतं. "तुझ्या लक्षात आलंच असेल. सुईत दोरा जात नाही आता. कुठल्या डॉक्टरकडे जाऊ? आणि हे आपलं... चालू ठेवायचं की थांबवायचं? मला सुचत नाही. तूच सांग."

सैल दोरी मनगटांवरून आपोआप खाली घसरली. त्याचे डोळे तिच्यावर खिळले होते, टाका घालण्याआधी सर्जनचे खिळतात तसे.

ती उठली. दोरीची नीट घडी घातली. वही उघडून मेंदूच्या डॉक्टरचं नाव लिहिलं, आणि त्याखाली: सोमवारी अकरा. मी दवाखान्याच्या दाराशी उभी असेन. लाल पेन्सिल वहीवर आडवी ठेवली.

पर्समधल्या फोनवर नवऱ्याचा मेसेज होता: निघालीस की कळव.

तो स्टुलावर तसाच बसून होता, हात मांडीवर. चार वाजायला अजून पंचवीस मिनिटं होती आणि त्याने "जा" म्हटलं नव्हतं. तिने चपला घातल्या, दुकानाचं अर्धं ओढलेलं शटर वर सारलं आणि बाहेर पडली.