ब्रेकमधली हवा

आमच्या आबांनी, म्हणजे वडलांनी, तीस वर्षं यष्टी चालवली, त्यातली बरीचशी बारामती-इंदापूर रस्त्यावर. रिटायर झाल्यावर लोक शेत बघतात, देवळात बसतात. आबांनी जवळजवळ माझ्याच वयाची एक जुनी पांढरी गाडी घेतली आणि जळोचीत आमच्या दारात उभी केली. मग काय विचारता! कुणाची बाळंतीण दवाखान्यात न्यायची, बोलवा आबांना. कुणाला मोरगावला जायचंय, बोलवा आबांना. सकाळी अंघोळ झाली की स्वारी तयार. आई गेल्यापासून त्यांचं घरात मन लागत नसे. गाडी चालवणं सुटलं तर हा माणूस खचेल, याची मला धास्ती होती. आणि मला धास्ती वाटली की मी भांडते. स्वभावाला औषध नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी इंदापूरच्या एका शाळेत शिकवत होते. शनिवारी सकाळची शाळा, म्हणून आबा मला न्यायला आले होते. येताना कालव्याच्या पुलाअलीकडे समोर उसाची बैलगाडी आली. आबांनी ब्रेक दाबला, तर गाडी थांबायचं सोडून डावीकडं ओढली गेली आणि थेट बाभळीच्या रोखानं निघाली. आबांनी दोनतीनदा पेडल हाणलं, स्टेअरिंग फिरवलं, तेव्हा कुठं ती झाडापासून हातभर अंतरावर थांबली.

"ब्रेक फुसका झालाय," आबा म्हणाले.

"ब्रेकला कशाला नावं ठेवता? तुमच्या पायातच जोर राहिला नाही!"

मी घाबरले होते, तोंडाला येईल ते बोलले. आबांना साखरेचा आजार होता, पायांना मुंग्या यायच्या, पण त्याबद्दल घरात कुणी ब्र काढत नसे. आबांनी गाडी हळूहळू घरापर्यंत आणली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मीही त्यांच्याबरोबर बारामतीत गॅरेजला गेले. मिस्त्री पूर्वी डेपोत कामाला होता, आबांना फार मानायचा. त्यानं पुढचं उजवं चाक काढलं. आत सगळं ओलं. ब्रेकचं ऑइल गळून लायनरवर, म्हणजे चाकाला घासून थांबवणाऱ्या पट्टीवर, पसरलं होतं.

"उजवं चाक धरतच न्हाय, डावं धरतंय," मिस्त्री म्हणाला. "गाडी डावीकडंच पळणार की!"

आबांनी माझ्याकडं अशी काही नजर टाकली! मी कान पकडले. पण खरं सांगते, हरल्याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता. पाय शाबूत होता, ब्रेक खराब होता.

रबर बदललं, लायनर बदललं. मग ब्रेकच्या नळीत शिरलेली हवा काढायची; ती राहिली तर पेडल फुसकं लागतं. ते दोघांचं काम. एकानं गाडीत बसून पेडल दाबून धरायचं. मिस्त्रीनं चाकाशी निप्पल, म्हणजे हवा काढायचा छोटा स्क्रू, सैल करायचं, ऑइलबरोबर हवा बाहेर पडते. त्यानं निप्पल आवळलं की मगच पाय उचलायचा. आधी उचलला तर हवा पुन्हा आत. पेडलवर कोण बसणार हे विचारायची गरजच नव्हती. गाडी आबांची, पाय आबांचा.

"दाबा... धरा... सोडा," खालून मिस्त्रीचा आवाज.

गाडी आता सरळ थांबू लागली, पण पेडल तसंच फुसकं. पुढच्या रविवारी ब्रेकच्या मेन पंपाचं रबर बदललं, पुन्हा हवा काढली, पेडल पुन्हा फुसकं. तिसऱ्या रविवारी मिस्त्री गाडीखाली बराच वेळ नुसता पडून राहिला. मग बाहेर आला, हात पुसले आणि आबांकडं न बघताच म्हणाला, "आबा, समोर च्या सांगून या की."

आबा चहा सांगायला गेले.

"ताई, तुमी बसा पेडलवर."

मी बसले. दाबलं, धरलं, सोडलं. चारी चाकं झाली आणि पेडल दगडासारखं घट्ट लागलं.

"मी निप्पल आवळायच्या आधीच आबांचा पाय उठतोय," मिस्त्री हळूच म्हणाला. "दर टायमाला. त्यास्नी कळत न्हाय. मला पहिल्याच दिवशी शंका आली व्हती, पर बोलायचं कसं?"

एरवी माझं तोंड बंद होत नाही. त्या दिवशी मीही म्हटलं, "नका सांगू."

आबा चहा घेऊन आले. बसून पेडल दाबलं आणि त्यांचा चेहरा असा फुलला म्हणता! "आता कसं!" मग थांबले. तीस वर्षांचा ड्रायव्हर तो.

"हवा काढताना पेडलवर कोण व्हतं?"

मिस्त्रीनं मान खाली घातली. "ताई."

"खाली जा. सोड निप्पल."

आबांनी पेडल दाबलं. मी उघड्या दारातून त्यांच्या पायाकडं बघत होते. पेडल तळाला गेलं, क्षणभर राहिलं आणि हळूहळू वर येऊ लागलं, पायासकट.

"आबा, धरा," खालून मिस्त्री म्हणाला.

"धरलंय की."

"आबा, पाय उठलाय."

"अरं, धरलंय म्हणतो न्हवं!"

मग त्यांनी स्वतः वाकून पायाकडं पाहिलं. मला रडू आवरेना, म्हणून मी गाडीच्या मागं जाऊन उभी राहिले.

"ये, बस," त्यांनीच हाक मारली. "ह्या चाकात पुन्यांदा हवा गेली."

मी पेडलवर बसले. या वेळी मिस्त्री नुसतं निप्पल फिरवत होता. शेजारी उभं राहून आबाच सांगत होते, "दाब... धर... सोड."

काम झालं. मी उतरायला लागले, तर आबा गाडीला वळसा घालून डावीकडच्या सीटवर जाऊन बसले. चालवायला त्यांनीच शिकवलं होतं मला; त्या दिवशी गाडी मी चालवली. जळोचीजवळ शेरडं आडवी आली, मी ब्रेक दाबला, गाडी जागच्या जागी सरळ थांबली.

"बघा आबा," मी म्हटलं, "ब्रेकच खराब होता. गळत होता ना."

शेवटचं शेरडू रस्त्याच्या कडेला उतरलं.

"व्हय," आबा म्हणाले. "ब्रेक बी खराब व्हता."