दहा जणांना पाठवा

आमची रेजिना वहिनी प्रार्थना करते म्हणजे देवाला फैलावर घेते. माझ्या भावाची, मार्कसची ती बायको. माहेर-सासर दोन्ही वसईचं, बहारीनला येऊन एकोणीस वर्षं झाली. बुदैयातल्या एका दातांच्या दवाखान्यात ती रिसेप्शनला बसते आणि मी तिथेच नर्स. घरी मी तिची नणंद असून कामावर तिची बोलणी खाते. माझे हाल कुत्रं खात नाही.

दर शुक्रवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की सनाबिसच्या तिच्या फ्लॅटवर बायका जमतात. जगभर छळ सोसणाऱ्या ख्रिस्ती लोकांसाठी रोजरी, म्हणजे माळेवरची प्रार्थना. वहिनी हजेरी घ्यावी तशी एकेका देशाचं नाव पुकारते, आणि बायका एक डोळा पोटॅटो चॉपच्या ताटावर ठेवून ‘नमो मरिया’ म्हणतात. मीही त्यातलीच, खोटं कशाला बोलू?

वहिनीचं मात्र समाधान होत नसे. “नुसता देश सांगून काय होतंय गं? मिस्सा लावतो तेव्हा मेलेल्या माणसाचं नाव देतो ना फादरना? मग जित्याचं नको? नाव, गाव, सगळं सांगावं.”

“देव काय तलाठी आहे का, वहिनी?” मी विचारलं. तिने डोळे वटारले.

आमच्या दवाखान्यात साफसफाईला तय्यबा आहे, पाकिस्तानातली. दोन वर्षं वहिनी तिला न चुकता ईदच्या शुभेच्छा देत होती आणि ती बिचारी हसून “शुक्रिया, बाजी” म्हणत होती; बाजी म्हणजे त्यांच्यात ताई. यंदा ईस्टरआधीच्या आमच्या उपवासकाळात एकदा ती आमच्यासोबत जेवायला बसली. डबा उघडला, कपाळ, छाती, खांद्यांवर क्रूसाची खूण केली. वहिनीचा घास हातातच राहिला.

“तू ख्रिश्चन? बताया क्यों नहीं?”

“आपने पूछा नहीं, बाजी.”

मग तिने सगळं सांगितलं. तिकडे गावी शेजाऱ्याशी बांधावरून भांडण झालं, आणि त्याने तिच्या भावावर धर्माची निंदा केल्याचा आळ घेतला. घरावर जमाव आला. भाऊ, त्याची बायको आणि छोटी मुलगी दुसऱ्या गावात मावशीकडे लपले होते. तिने भावाचा फोटो वहिनीच्या फोनवर दिला. “दुआ कीजिए,” म्हणाली.

खरं सांगते, वहिनीचा चेहरा उजळला! एकोणीस वर्षं परक्या देशांसाठी गुडघे झिजवले, आणि साक्षात छळ सोसणाऱ्यांतली एक रोज समोर फरशी पुसत होती. संध्याकाळपर्यंत वहिनीने व्हॉट्सॲपवर टाकलं: भावाचं पूर्ण नाव, फोटो, गाव, ‘मावशीच्या घरी लपून आहे’ हेसुद्धा. खाली लिहिलं, ‘दहा जणांना पाठवा, साखळी तोडू नका.’ मीही पाठवलं. बारा जणांना.

तो फोटो कुवेत, दोहा, वसई, कॅनडा फिरला. आमेनवर आमेन! तिसऱ्या दिवशी तय्यबा कामावर आली ती पांढरीफटक. तिच्या फोनवर तोच मजकूर होता, कुणीतरी उर्दूत केलेला.

“बाजी, ये आपने भेजा?”

वहिनीने अभिमानाने मान हलवली. मूर्ख बाई!

“हमारे गाँव तक पहुँच गया है,” तय्यबा म्हणाली. “अब सबको मालूम है वो कहाँ है.”

तिने बादली उचलली आणि आत गेली.

वहिनीने त्याच दिवशी सुट्टी टाकली. ‘ताबडतोब डिलीट करा’ असं सगळ्यांना लिहिलं, त्यालाही चौघींनी ‘आमेन’ म्हटलं. रोजरीला येणाऱ्या अमवाजच्या जेनिसने तर कहर केला. ‘हा फोटो पुढे पाठवू नका’ असं लिहून खाली तोच फोटो पुन्हा सगळीकडे पाठवला! शेवटी मार्कसला गाडी काढायला लावून वहिनी दारोदार फिरली. “यल्ला, चल, फोन दे,” म्हणायची आणि स्वतःच्या हाताने पुसून टाकायची. पण सगळं वरातीमागून घोडं. मावशीच्या घरातून भाऊ बायकामुलीसह निघून गेला होता, एवढंच तय्यबाला कळलं. त्यानंतर त्याचा फोन बंद.

अकरा दिवस काही खबर नाही. वहिनी रोज तय्यबाच्या तोंडाकडे बघायची आणि खाली मान घालायची. शुक्रवारी बायका जमल्या तेव्हा तिच्या तोंडून एकाही देशाचं नाव फुटेना. “एका माणसासाठी,” एवढंच म्हणाली. “कोण गं?” असं जेनिसने विचारलं, तेव्हा वहिनीने तिच्याकडे असं पाहिलं की नंतर चॉपलासुद्धा कुणी हात लावला नाही.

बाराव्या दिवशी सकाळी तय्यबा रिसेप्शनपाशी येऊन उभी राहिली. “फोन आया. तीनों ज़िंदा हैं.”

वहिनीने टेबलाची कड घट्ट धरली. आणि माझी जीभ बघा, नको तिथे वळवळली! “कहाँ हैं अब?” मी विचारलं.

तय्यबाने माझ्याकडे पाहिलं, मग वहिनीकडे. “माफ़ करना, बाजी. आप दोनों को नहीं बताऊँगी.”

“बरोबर आहे तिचं,” वहिनी मराठीतच म्हणाली, आणि दात दुखणाऱ्या सहा पेशंटांसमोर हुंदके देऊन रडली.