दिल्याला मी रिटायर केलं

दिल्या गेल्याचं कळलं तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो असा: चला, आता हा कधीच खेळणार नाही.

आज वर्ष झालं त्याला. म्हणून लिहून टाकतोय. शिव्या घालायच्या असतील तर खाली खुशाल घाला.

दिलीप, म्हणजे आमचा दिल्या. जळगावात पाण्याच्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान होतं त्याचं. मूळचा दोंडाईचाचा, त्यामुळे लाडात आला की अहिराणीत घसरायचा. कॉलेजच्या फुटबॉल टीममध्ये आम्ही दोघंही मिडफिल्डला.

आणि स्पष्ट सांगतो, तो माझ्यापेक्षा चांगला नव्हता. माझा पास सरस होता. तेव्हाचे सगळे सांगतील.

सत्ताविसाव्या वर्षी माझं लग्न झालं, वडिलांचं कापडाचं दुकान गळ्यात पडलं आणि मी बूट माळ्यावर टाकले.

लग्न दिल्याचंही झालं. दुकान त्यालाही होतं. त्यानं नाही टाकले.

याला कारण तो जपानी.

आमच्याच वयाचा एक मिडफिल्डर. दिल्यानं त्याला पहिल्यांदा टीव्हीवर पाहिलं. बुटका, पळायला बेताचा, पण बॉल कुठे येणार ते त्याला आधी कळायचं.

काही वर्षं जपानच्या नॅशनल टीममध्ये होता. मग काढला. मोठ्या क्लबनं सोडलं तर हा सेकंड डिव्हिजनला गेला. तिथून थर्ड. तिथून कुठल्याशा लहान गावाच्या टीमला, जिथे अर्ध्या खुर्च्या रिकाम्या.

पण खेळत राहिला. चाळिशी ओलांडली, पंचेचाळीस झाले, तरी हा आपला खेळतोय.

दरवर्षी जानेवारीत त्याचं कॉन्ट्रॅक्ट एक वर्षानं वाढायचं. दिल्या ती जपानी बातमी फोनवर ट्रान्सलेट करून वाचायचा आणि सकाळी सकाळी मला फोटो पाठवायचा. दुकानात मोटर घेऊन आलेल्या शेतकऱ्यालाही दाखवायचा. तो बिचारा विचारायचा, "हा तुमचा कोण?"

"तो थांबना का मी थांबसू," दिल्या म्हणायचा. तो थांबला की मी थांबेन.

मग मी त्या जपान्याच्या रिटायर होण्याची वाट बघायला लागलो.

खरंच. डिसेंबर आला की गल्ल्यावर बसून गूगल करायचो. त्याचा गुडघा दुखावल्याची बातमी आली की मला बरं वाटायचं. कुठला कोण माणूस, त्यानं माझं काय घोडं मारलं होतं? पण दोन-तीन महिन्यांत परत मैदानात. आणि इकडे दिल्याही.

दर रविवारी सकाळी मी ग्राउंडवर जायचो. आमच्या फुटबॉल मंडळाचा अध्यक्ष ना मी. पोरं दिल्याला ओरडायची, "काका, इकडे द्या, इकडे." मला म्हणायची, "अध्यक्ष, पाण्याचे जार आले नाहीत अजून."

घरी येऊन चिडचिड करायचो. एकदा बायको म्हणाली, "तुम्हाला खेळू नका असं कोणी म्हटलं होतं का हो?"

कोणीच नाही. तेच तर दुखणं होतं.

मग मी त्याचा सत्कार केला.

सत्कार काय चीज आहे ते आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. स्टेजवर नाव पुकारलं, शाल पुढे आली की नाही म्हणता येत नाही. माणूस मुकाट मान वाकवतो.

त्याला न विचारता फ्लेक्स छापला. "ज्येष्ठ खेळाडू दिलीपभाऊ यांचा निवृत्तीनिमित्त सत्कार." नगरसेवक बोलावले. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह. भाषण मीच केलं. म्हटलं, भाऊंनी आता नव्या पोरांना जागा करून दिली, हा त्यांचा मोठेपणा.

टाळ्या पडल्या.

दिल्या माझ्याकडे बघत होता. रागानं नाही. आपण काहीतरी चुकीचं ऐकलं असावं, तसं. मग त्यानं मान वाकवली.

सगळ्यांना वाटलं, मित्र असावा तर असा. मला त्याची काळजी नव्हती हो. मला तो तिथे पळताना बघवत नव्हता.

तीन रविवार तो आला नाही. मी खूश. नवे बूट घेतले आणि चौथ्या रविवारी पन्नाशीत, इतक्या वर्षांनी, मिडफिल्डला उतरलो.

दहाव्या मिनिटाला धाप लागली. बाहेर येऊन बसलो तर शेजारी दिल्या. पॅन्ट-शर्टात. कधी आला कळलंच नाही.

मला वाटलं हसेल. तर म्हणाला, "एक पास भारी दिन्हा तू. तुना पास मन्हापेक्षा भारीच व्हता भो. उगाच सोडी दिन्हं तू."

एवढी वर्षं मला हेच ऐकायचं होतं. ऐकलं, आणि कुठे तोंड लपवू असं झालं.

त्यानंतर दोन महिन्यांनी तो दुकानातच गेला. हार्ट अटॅक.

तो जपानी अजून खेळतोय. जानेवारीत त्याचं कॉन्ट्रॅक्ट पुन्हा वाढलं. मीच शोधून वाचलं. त्याचा आता राग येत नाही. जळायचो ते दिल्यावर, तो जपानी नुसतं निमित्त होता.

एक गोष्ट राहिली. ही बायकोलाही सांगितली नाही.

त्या रविवारी दिल्या माझ्या शेजारी पाय दुमडून बसला तेव्हा त्याची पॅन्ट वर सरकली. आत खेळायचे स्टॉकिंग्ज होते. नडगीवर शिनगार्डसुद्धा बांधलेले.

अध्यक्ष मी होतो. "दिल्या, ये आत" एवढंच म्हणायचं होतं. माझी जागा तशीही रिकामीच होती.

तो वाट बघत होता. मॅच संपेपर्यंत बसून होता.

मी पाहिलं होतं दिल्या. पाहून मान फिरवली.

माफ कर मित्रा. श्रद्धांजली.