मध्यस्थाचं ताट

२००३ साली इराकवर बॉम्ब पडू लागले आणि कोल्हापुरात माझ्या वडिलांची तब्येत एकदम सुधारली. ते कॉलेजात राज्यशास्त्र शिकवत. त्यांचा लाडका सिद्धांत असा, की युद्ध दुसऱ्यांचं असावं आणि दोन्ही घरी आपली ऊठबस असावी. मग उगवत्या देशाला जगाच्या पंगतीत वरचं पान मिळतं. दिल्लीची तोलूनमापून केलेली निवेदनं ते आम्हाला चहाबरोबर वाचून दाखवत.

सुदैवानं त्यांना घरचंही एक युद्ध मिळालं. शिरोळला थोरल्या आणि धाकट्या काकांचं सामाईक विहिरीच्या पाण्यावरून बिनसलं. थोरल्यांनी पाणी अडवलं, धाकट्यांचा ऊस वाळायला लागला. वडील मधले. शेतातलं काही कळत नाही म्हणून गावात त्यांना कुणी विचारत नसे. आता ते दर रविवारी एसटीनं जाऊ लागले. सकाळी थोरल्यांकडे मटण, संध्याकाळी धाकट्यांकडे मटण.

"मास्तर, तूच सांग की त्येला," दोघंही म्हणत.

वडील थोरल्यांना सांगत, पहिला हक्क तुझा. धाकट्यांना सांगत, माघार घेऊ नकोस. याला ते समतोल म्हणत. घरी येऊन निवेदन करत, "चर्चा सकारात्मक झाली."

"आणि ऊस?" आईनं एकदा विचारलं. तिला आंतरराष्ट्रीय राजकारण कळत नाही, असं त्यांनी जाहीर केलं. मला त्यांचा भयंकर राग आला. भांडण मिटलं तर यांचे रविवार संपणार होते, हे मलासुद्धा कळत होतं.

पाचव्या रविवारी मीही सोबत गेले. धाकट्यांच्या उसात पाणी खळखळत होतं आणि थोरले काका स्वतः चिखलात उभे राहून खोऱ्यानं ते सरीत वळवत होते.

"हे कधी मिटलं?" वडिलांनी विचारलं.

"बुधवारी. ऊस बघवंना. बसलो दोघं बांधावर, मिटलं."

"मला कळवायचं नाही?"

"तुला कशाला तरास, म्हटलं."

थोरल्यांच्या घरी जेवायला वडिलांना बाहेर सोप्यात खुर्ची दिली. पुढ्यात स्टूल, त्यावर ताट, ताटात मटणाची मोठी नळी. आत चुलीपुढं दोघे भाऊ एका ताटात जेवत होते, खिदळत होते. वडिलांनी नळीला हात लावला नाही. थोड्या वेळानं त्यांनी हाक मारली, "दादा, मी बी आत येऊ?"

"नगो नगो, तुम्ही तितंच बसा निवांत," थोरले आतून म्हणाले. "पावण्यास्नी रस्सा वाढा की गं."

थोरल्या भावानं त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच अहो-जाहो केलं होतं.