चिंचोका सर

सर एका वाक्यात एकाच शब्दावर जोर द्यायचे, बाकीचे शब्द हलकेच सोडून द्यायचे. आमटीत मीठ जास्त झालं की 'जास्त' एवढंच मला चुलीपाशी ऐकू यायचं.

आटगावला आमच्या पडवीत ते भाड्याने राहायचे. जेवण माझ्याकडेच. संध्याकाळी तिथेच इंग्रजीचा क्लास घ्यायचे. पाटीवर वाक्य लिहायचं आणि एका शब्दावर चिंचोका ठेवायचा. ज्या शब्दावर चिंचोका, त्यावर जोर. पोरं त्यांना चिंचोका सर म्हणायची.

'आय डिड नॉट टेक युवर पेन.' मी तुझं पेन घेतलं नाही. चिंचोका 'आय'वर असला की पेन दुसऱ्या कुणी घेतलं. 'युवर'वर सरकवला की घेतलं, पण तुझं नाही. 'पेन'वर नेला की दुसरंच काही घेतलं. मी चौथी शिकलेली. तांदूळ निवडताना एवढं कळलं. सर म्हणायचे, "मावशी, मराठीत 'मीच' म्हटलं की काम होतं. इंग्रजीत तो च आवाजाने लावावा लागतो."

आमची पोरं शाळेत सगळ्यांनी मिळून ओरडत वाचायला शिकलेली. माझी नात वनिता नोकरीच्या मुलाखतीसाठी शिकायची, ती इंग्रजीचा प्रत्येक शब्द तसाच ओरडायची. सर म्हणाले, "मुलाखत देतेस की बांधावरून म्हशीला हाक मारतेस?"

"म्हस तरी ऐकते, सर," वनिता म्हणाली.

सर हसले आणि चिंचोका पुन्हा तिच्यापुढे सरकवला.

मग त्यांचा घसा बसला तो सुटेना. तंबाखू त्यांनी कधी खाल्ली नव्हती, तरी गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल, नाहीतर माणूस वाचणार नाही. सर आठ-पंधरा दिवस काही ठरवेनात.

मी म्हटलं, "आवाज गेला तर जाऊ दे. तुमी तरी ऱ्हाल."

"राहून काय करू, मावशी?" ते म्हणाले. जोर 'करू'वर होता.

"जेवाल," मी म्हटलं.

त्यांनी ऑपरेशन करून घेतलं. गळ्याला भोक राहिलं. बोलायला एक यंत्र मिळालं, ते गळ्याला लावायचं. त्यातून शब्द यायचे, पण सगळे एका सुरात. चार दिवस त्यांनी ते वापरलं आणि फळीवर ठेवून दिलं. पोरं यायची थांबली. वनिता तेवढी रोज जाऊन बसायची.

माझ्याशी ते पाटीवर मराठीत बोलू लागले. 'आज बरं आहे' असं लिहायचे आणि चिंचोका 'आज'वर ठेवायचे. म्हणजे उद्याचं माहीत नाही. मी वाचायची आणि ताट वाढायची.

वर्ष सरलं आणि गाठ परत आली. मुरबाडहून त्यांचा भाऊ गाडी घेऊन आला. सामान भरून झाल्यावर सरांनी पाटी मागितली. 'मावशी, मी जातो' असं लिहिलं. चिंचोका कुठेच ठेवला नाही. तो माझ्या हातात दिला आणि पाटी माझ्यापुढे धरली.

मी कुठल्या शब्दावर ठेवते हे त्यांना बघायचं होतं. मी पाटीकडे बघत राहिले. भावाने हॉर्न वाजवला. सरांनी पाटी पुसली आणि गाडीत बसले.

श्रावणात भावाचा फोन आला. वनिता कामावरून आली तेव्हा मी सांगितलं, "सर गेले."

"आजी, नळाचं पाणी गेल्यासारखं सांगतेस गो," ती म्हणाली, आणि रडायला लागली.

मी परत म्हणून बघितलं. आधी 'सर'वर जोर देऊन, मग 'गेले'वर. दोन्ही सारखंच वाटलं. चिंचोका मिठाच्या बरणीच्या झाकणावर आहे. मीठ घेताना तो उचलते आणि परत ठेवते.