सिद्धप्पा मिस्त्री आणि सरांचा एआय

प्लायवूडच्या दुकानात तुकडे साठतात, तसे किस्सेही साठतात. टाकवत नाहीत, आणि कुणी चहाला टेकलं की दाखवावेसे वाटतात! हल्लीचे सगळे एआयचे. मी जे शिकलो ते गिऱ्हाइकांकडूनच. पण हे प्रकरण अजून डोक्यात बसलेलं नाही.

* * *

जुळे सोलापुरात नवा फ्लॅट घेतलेले एक सर एआयनं काढलेलं कपाटाचं चित्र घेऊन आले. झकास चित्र! आमचे जुने सुतार सिद्धप्पा मिस्त्री बराच वेळ बघत राहिले.

"सर, कपाट लई भारी हाय. पण दार उघडलं की पलंगाला धडकतंय की!"

सर म्हणाले, "मग पलंग कापा!"

* * *

त्याच कपाटाला प्लाय किती लागेल? एआयनं मिस्त्रींपेक्षा एक शीट कमी सांगितलं. मिस्त्री पेटले. मी कागदावर मांडून बघितलं, तर एआयचं बरोबर!

"शेठ, त्येनं चुकायचं धरलंच न्हाय," मिस्त्री म्हणाले. "माणूस हाय, एक तरी कट चुकणार की!"

* * *

मग एक दिवस मिस्त्री हळूच म्हणाले, "माझ्या बी फोनात टाका की त्यो एआय."

टाकला. पहिलाच प्रश्न : "सुताराचं काम राहील का?"

उत्तर आलं लांबलचक. हाताच्या कसबाला पर्याय नाही, पण काळही बदलतोय, वगैरे.

"राहील म्हणतोय का जाईल म्हणतोय?"

मी पुन्हा वाचलं. "दोन्ही म्हणतोय."

"मग ह्यो पक्का सुतार हाय! काम कवा हुईल म्हणून इचारलं की आमी बी असंच सांगतो!"

* * *

पण हसणं फार टिकलं नाही. सर म्हणाले, "अख्ख्या फ्लॅटचं काम तुम्हाला द्यायचं की मशीनवर फर्निचर करणाऱ्या फॅक्टरीला, ते एआयला विचारून फोन करतो. फोन उचलला नाहीत, तर फॅक्टरीला हो म्हणेन."

मिस्त्रींच्या हातात दुसरं काम नव्हतं. त्यांनी आपल्या एआयला विचारलं, "सरांचा एआय काय म्हणंल?"

तो म्हणाला, मला सांगता येणार नाही.

"एकाच घरातले, आन् बोलत न्हाईत व्हय?"

* * *

खंडेनवमीला मिस्त्रींकडं प्रसादाला गेलो. पाटावर करवत, रंधा, पटाशी मांडलेली. हळदकुंकू, झेंडूची फुलं. आणि रांगेच्या शेवटी मोबाइल! त्यालाही कुंकू.

"हे काय, मिस्त्री?"

"हत्यार हाय का वैरी, कळंना झालंय, शेठ. म्हणून मांडून ठिवलाय."

तेवढ्यात तो वाजला. वर सरांचं नाव!

वहिनी स्वयंपाकघरातून धावत आल्या. "अवो, घ्या की! काम जाईल!"

मिस्त्रींचा हात पुढं गेला, आणि थांबला. त्यांनी हात जोडले.

"पुजलेल्या हत्याराला आज हात लावायचा न्हाय."

वहिनी माझ्याकडं बघायला लागल्या. मी मिस्त्रींकडं. मोबाइल थरथरत, इंच इंच, रंध्याकडं सरकत होता.